प्रवासी घटले, गर्दी नाही: मुंबई लोकलच्या सेवेचं परीक्षण

सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला 'लोकलचे प्रवासी कमी झालेत' असं सांगून बघा. तो तुम्हाला वेड्यात काढेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. पण आकडाही खोटा नाही. कोविडच्या आधी मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून दिवसाला साधारण ७५ ते ८० लाख उपनगरी प्रवासी होते. त्यानंतर सगळं सुरळीत झालं तरी हा आकडा ६५ ते ७० लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. गाड्या कमी झालेल्या नाहीत. मध्य रेल्वेवर दिवसाला १,८१० फेऱ्या, पश्चिमेवर १,४०० च्या आसपास. म्हणजे फेऱ्या तेवढ्याच, कागदावरचे प्रवासी कमी, आणि साडेआठची गाडी होती तशीच ठासून भरलेली.

सेवा म्हणून लोकलला जोखायचं तर आधी हा गुंता सोडवावा लागतो. थोडक्यात मत असं: घट खरी आहे, पण ती गर्दीच्या वेळेत झालेली नाही. लोकलने गमावलाय तो दुपारचा, रविवारचा, जवळच्या अंतराचा आणि दुसरा पर्याय परवडणारा प्रवासी. ज्याला पर्यायच नाही तो अजून दारात लटकतोय.

मोजणीतला पहिला खड्डा

रेल्वे दारात उभं राहून माणसं मोजत नाही. विकलेली तिकिटं आणि पास मोजते. मासिक पास म्हणजे महिन्याला ५० एकेरी प्रवास असं धरलं जातं: २५ दिवस, दिवसाला दोन. पासधारक प्रत्यक्षात किती वेळा गाडीत बसला याच्याशी त्याचा संबंध नाही. चार दिवस आजारी पडला तरी ५०, रविवारी मुलांना घेऊन राणीच्या बागेत गेला तरी ५०.

आता ऑफिसने आठवड्यातून दोनच दिवस बोलावलं असं समजा. महिन्याला आठ-नऊ दिवस जाणं-येणं, म्हणजे १६ ते १८ एकेरी प्रवास. सेकंड क्लासच्या मासिक पासची किंमत एकेरी भाड्याने भागली तर उत्तर साधारण २० ते २१ येतं. म्हणजे दहा-अकरा दिवस गेलात तर पास वसूल, त्याच्या आत असाल तर सुटं तिकीट स्वस्त. हायब्रिड नोकरीतला माणूस नेमका या रेषेच्या अलीकडे पडतो, आणि पास सोडतो. रेल्वेच्या वहीत त्याचे ५० प्रवास जाऊन १८ उरतात. जागेच्या दृष्टीने मात्र तो मंगळवारी आणि गुरुवारी त्याच साडेआठच्या गाडीत असतो, कारण ऑफिसंही मधल्या वारीच बोलावतात. एकाच माणसाच्या नावावर ३२ प्रवासांची घट, आणि मंगळवारच्या डब्यात एक इंचही जागा मोकळी नाही.

याचा अर्थ घट फक्त कागदी आहे असा नव्हे. त्याने सोडलेल्या ३२ प्रवासांतले बरेचसे खरोखरच गेलेत. पण ते सोमवारचे आणि शुक्रवारचे, आणि पास खिशात आहे म्हणून सहज होणारे प्रवास होते. पास असला की दादरला खरेदी, गिरगावात नातेवाईक, परळला हॉस्पिटल, सगळं 'फुकट' असतं. पास गेला की प्रत्येक फेरीचा विचार होतो, आणि मग दुचाकी जवळची वाटते.

तुटलेली सवय

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्री लोकल थांबली. १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. ऑक्टोबरात बिगर-गर्दीच्या वेळात महिलांना परवानगी मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना मुभा मिळाली, पण पहाटे सातपर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री नऊनंतर. एप्रिलमध्ये सामान्यांसाठी पुन्हा बंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच प्रवेश. जवळजवळ दीड वर्ष लोकल धावत होती, पण ती आपल्यासाठी नव्हती. त्या काळात खासगी नोकरदारांनी कर्जावर स्कूटर घेतली, चौघांत मिळून गाडी ठरवली, घराजवळची नोकरी शोधली. दुचाकीचे हप्ते फिटले तरी दुचाकी दारात उभीच राहते. तो माणूस लोकलकडे परत यायला लोकल पूर्वीइतकी चांगली असून भागत नाही, पूर्वीपेक्षा चांगली असावी लागते.

वेळ पाळण्याची बाब: इथे गुण कापावे लागतात

मध्य रेल्वेवर आधी बोलू, कारण दुखणं तिथे जास्त आहे.

गर्दीच्या वेळी एका मार्गावर तीन-चार मिनिटांनी गाडी असते. एवढ्या दाटीत एक बिघाड झाला की काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सिग्नल यंत्रणा अशी बांधलेली असते की काहीही बिघडलं तर सिग्नल लाल व्हावा. सुरक्षेसाठी तेच बरोबर. स्वयंचलित सिग्नल लाल दिसला की मोटरमनला थांबावंच लागतं. दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं वाट पाहून तो पुढे निघू शकतो, पण पुढे काही उभं असेल तर थांबता येईल इतक्याच सावध वेगाने, थेट पुढच्या सिग्नलपर्यंत. आता एकच सिग्नल बिघडलाय आणि मागे तीन मिनिटांवर दुसरी गाडी आहे असं धरा. पहिल्या गाडीचे चार मिनिटं गेले की दुसरी तिच्या शेपटाला लागते, तिसरी दुसरीच्या. अर्ध्या तासात ठाण्यापासून कल्याणपर्यंत गाड्यांची रांग लागते. बिघाड वीस मिनिटांत दुरुस्त होतो, वेळापत्रक मात्र दुपारपर्यंत रुळावर येत नाही, कारण सीएसएमटीला उशिरा पोचलेला रेक, म्हणजे डब्यांचा तोच संच, तिथूनच उशिरा परत निघतो. मग नियंत्रण कक्ष काही फेऱ्या रद्द करतो, आणि रद्द झालेल्या गाडीचे प्रवासी पुढच्या गाडीवर चढतात. उद्घोषणेत 'तांत्रिक बिघाड' एवढंच ऐकू येतं.

पावसात हेच दहा पटीने. पाणी रुळांपर्यंत चढलं की गाडी कुठे आहे हे सांगणारी रुळांवरची यंत्रणा चुकीची नोंद देते, पॉइंट (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारे सांधे) नीट बसत नाहीत, सिग्नल लाल होतात. शीव-कुर्ला, चुनाभट्टी, मस्जिद, आणि पश्चिमेला नालासोपारा-वसई ही नावं दरवर्षी जुलैत ऐकू येतात. पंप वाढले, नाले रुंद झाले, काही ठिकाणी रूळ उचलले. फरक पडलाय, पण भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पुन्हा तेच.

मूळ अडचण मार्गिकांची आहे. मेल-एक्सप्रेस आणि लोकल एकाच रुळांवर असल्या की सकाळी उशिरा आलेली लांब पल्ल्याची गाडी फास्ट लोकलच्या पुढे घुसते. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये ७२ तासांचा ब्लॉक (कामासाठी मार्ग बंद) घेऊन सुरू झाली आणि त्या टप्प्यात फरक जाणवतो. पण कुर्ल्यापासून पुढे सीएसएमटीकडे या मार्गिका गेलेल्या नाहीत. कल्याणच्या पलीकडे तर चित्र आणखी वाईट. कर्जत आणि कसारा, दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं दोनच रूळ, त्यावरच लोकल, एक्सप्रेस आणि मालगाड्या. बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा इथली वस्ती वाढत गेली, रूळ तेवढेच. वाढीव मार्गिकांची कामं एमयूटीपीत (मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पात) आहेत, पण चालू काम आणि धावती गाडी यात फरक असतोच.

पश्चिम रेल्वे वक्तशीरपणात उजवी आहे, आणि त्याला कारण आहे: एकच सरळ मार्ग, कल्याणसारखा फाटा नाही, अंधेरी-विरार स्लो मार्गावरही १५ डब्यांच्या गाड्या. तिथेही खार-गोरेगाव सहाव्या मार्गिकेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये रोज शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. मार्गिका मिळाली, काम योग्यच होतं. पण ज्याच्याकडे मेट्रो होती त्याने त्या महिन्यात मेट्रो पकडली, आणि त्यातले काही तिकडेच राहिले.

रविवार: मेगाब्लॉकने पळवलेला प्रवासी

घटीच्या चर्चेत याची दखल फार कमी घेतली जाते. दर रविवारी साधारण ११ ते ४ या वेळात मुख्य मार्ग आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जम्बोब्लॉक. देखभालीशिवाय गाडी चालणार नाही, त्यामुळे ब्लॉकला विरोध नाही. पण त्याचा परिणाम समजून घ्यायला हवा.

मध्य रेल्वेवर माटुंगा-मुलुंड फास्ट मार्गावर ब्लॉक असला तर फास्ट गाड्या स्लो मार्गावर येतात, सगळीकडे थांबतात, पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचतात. हा सुसह्य प्रकार. स्लो मार्गावर ब्लॉक असला तर स्लो गाड्या फास्टवरून जातात, आणि ज्या स्टेशनांना फास्ट मार्गावर फलाट नाही किंवा तोकडा आहे तिथे थांबत नाहीत. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर ही त्यातली नेहमीची. नाहूरला राहणाऱ्याने मग मुलुंडला जाऊन गाडी पकडायची किंवा भांडुपला उतरून उलटं यायचं. हार्बरवर सीएसएमटी ते कुर्ला हा भाग बंद असला तर पनवेल-कुर्ला विशेष गाड्या सुटतात, आणि हार्बरच्या प्रवाशाला त्याच तिकिटावर मुख्य मार्गाने किंवा पश्चिम रेल्वेने जायची मुभा मिळते. ही सवलत अनेकांना माहीत नसते. तिकीट खिडकीवरही कुणी आपणहून सांगत नाही.

कुटुंब घेऊन निघणाऱ्याला एवढा हिशोब नको असतो. वर सार्वजनिक सुट्टीला रविवारचं वेळापत्रक लावायची पद्धत, जेव्हा निम्म्या खासगी ऑफिसांना सुट्टी नसते. रविवारी दुपारी डबा रिकामा दिसतो तो लोकांना बाहेर पडायचं नसतं म्हणून नव्हे.

निघण्याआधी करायचं काम साधं आहे. शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही रेल्वेंचं ब्लॉकचं पत्रक येतं. त्यात तीन गोष्टी बघा: अप (सीएसएमटी-चर्चगेटकडे) की डाऊन (तिथून बाहेर), स्लो की फास्ट, कुठून कुठपर्यंत. तुमचं स्टेशन त्या टप्प्यात आणि स्लो मार्गावर असेल तरच खरी अडचण आहे.

स्टेशनच्या बाहेर काय

लोकलचं सेकंड क्लासचं किमान तिकीट ₹५. बेस्टचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून ₹५ वरून ₹१० झालं, एसी बसचं ₹६ वरून ₹१२. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ₹२६, टॅक्सीचं ₹३१. आकडे शेजारी ठेवले की कळतं, मुंबईत रेल्वेचा प्रवास स्वस्त आहे, रेल्वेपर्यंतचा नाही. बेस्टचा ताफा आटला, बसची वाट पाहण्याचा वेळ वाढला. म्हणजे पैसेही जास्त आणि वेळही.

त्यात ऑफिसं हलली. रेल्वेचे मार्ग उत्तर-दक्षिण आहेत, फोर्ट-नरिमन पॉइंटकडे माणसं नेण्यासाठी आखलेले. आता नोकऱ्या बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), लोअर परळ, अंधेरी पूर्व, पवई, मालाड, ऐरोलीत आहेत. बीकेसीचं उदाहरण घ्या. वांद्रे आणि कुर्ला, दोन्हीकडून ते डोळ्यांसमोर असतं, पण स्टेशनच्या दाराशी शेअर रिक्षाची रांग, मीटरने यायला नकार, आणि पावसात तेही नाही. लोकलने ३५ मिनिटांत कुर्ला गाठायचं आणि पुढचे तीन-चार किलोमीटर अर्धा तास, असा प्रवास असला की ज्याला परवडतं तो थेट दारापासून कॅब करतो. हा प्रवासी लोकलला कंटाळून गेलेला नाही. लोकलवर तो खूशच होता.

मेट्रोने नेमकं कुणाला नेलं

मेट्रोमुळे लोकल ओस पडली असं म्हणणाऱ्यांनी मार्ग वेगवेगळे करून बघावेत. ८ जून २०१४ ला सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही आडवी मेट्रो लोकलची पूरक आहे. ती घाटकोपर आणि अंधेरीला माणसं आणून ओतते. त्या दोन स्टेशनांच्या पुलांवर संध्याकाळी उभं राहिलात तर सांगायची गरज नाही. मेट्रो २ए आणि ७ मात्र एप्रिल २०२२ आणि जानेवारी २०२३ अशा दोन टप्प्यांत पूर्ण झाल्या, आणि दहिसर ते अंधेरी पश्चिम रेल्वेला समांतर धावतात. बोरिवली-अंधेरीसारखा मधला, जवळचा प्रवासी त्यांनी घेतला, विशेषतः जो लिंक रोड किंवा हायवेच्या बाजूला राहतो आणि ज्याला स्टेशन गाठायलाच रिक्षा लागायची.

मेट्रो ३ चा परिणाम दक्षिणेकडे जास्त. आरे-बीकेसी ऑक्टोबर २०२४, वरळीपर्यंत मे २०२५, आणि ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण ३३.५ किलोमीटर कफ परेडपर्यंत. भाडं ₹१० ते ₹७०. चर्चगेट, सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, दादर इथे रेल्वेजवळ स्टेशनं आहेत, आणि विमानतळ, बीकेसी, वरळी एका मार्गावर आले. अंधेरी ते फोर्ट जाणारा फर्स्ट क्लासचा पासधारक हा तिचा पहिला गिऱ्हाईक. विरारच्या माणसाला ती अजून कामाची नाही. भाड्याने नाही आणि मार्गानेही नाही. वरच्या उत्पन्नगटाचा प्रवासी गेला तर संख्येत थोडा फरक पडतो, रेल्वेच्या उत्पन्नात त्याहून जास्त.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'मुंबई वन' ॲपवर रेल्वे, मेट्रो, बस यांची तिकिटं एकत्र काढता येतात. सोय चांगली. पण भाडं एकत्र होत नाही. प्रत्येक टप्प्याचं पूर्ण किमान भाडं वेगळं भरावं लागतं. बस-लोकल-मेट्रो असा तीन टप्प्यांचा प्रवास करणाऱ्याला तीनदा किमान भाड्याचा फटका बसतोच.

एसी लोकल: चांगली गाडी, चुकीची जागा

२५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. गाडी म्हणून तक्रारीला जागा कमी: दारं बंद, आवाज कमी, डब्यातून डब्यात जाता येतं. ५ मे २०२२ पासून एकेरी तिकिटाचं भाडं निम्म्यापर्यंत उतरलं आणि प्रतिसाद लगेच वाढला. पासचं भाडं मात्र उतरलं नाही, त्यामुळे एसीचा पास वसूल व्हायला पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट फेऱ्या लागतात. रोजचा प्रवास नसेल तर एसीसाठी पास काढूच नका, एकेरी तिकीटच काढा.

बिनसतं ते वेळापत्रकात. नवी मार्गिका नसल्याने नवी जागाही नसते. एसी गाडी चालवायची तर साध्या लोकलची फेरी काढावी लागते. त्या फेरीचे सेकंड क्लासचे प्रवासी मागच्या-पुढच्या गाडीत कोंबले जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरला प्रवासी रस्त्यावर उतरले ते यामुळेच, आणि मध्य रेल्वेला वाढवलेल्या १० एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. दुसरी अडचण थांब्याची. साधी लोकल वीस-तीस सेकंदांत सुटते, कारण शेवटचा माणूस दारात लटकतो. एसीत दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. एकाची बॅग दारात अडकली की अख्खी गाडी थांबते, आणि तीन मिनिटांवरची मागची गाडीही.

दारात लटकणं

मुंबई उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडणं, गाडीतून पडणं अशा कारणांनी वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं ठरलं: दाराला हवेसाठी पट्ट्या, छतावर वायुवीजन यंत्र, डब्यातून डब्यात जायला जोडमार्ग. कल्पना बरोबर आहे, पण वर सांगितलेलं थांब्याचं गणित इथेही लागू होतं. दार बंद करायचं तर दारात मावणारी माणसं आत मावली पाहिजेत, किंवा फलाटावर राहिली पाहिजेत. त्यासाठी जास्त लांब गाड्या हव्यात. १२ चे १५ डबे केले की २५ टक्के जागा वाढते, रूळ न वाढवता. अडथळा फलाटांच्या लांबीचा. मध्य रेल्वेने तिथे बराच काळ हात आखडला.

गर्दी का टिकून आहे याचं उरलेलं उत्तर अंतरात आहे. परळ-घाटकोपर असा प्रवासी उतरला की ती जागा दुसऱ्याला मिळते. एका फेरीत एका सीटवर तीन-चार माणसं बसून जातात. बदलापूर-सीएसएमटी असा प्रवासी बसला की जवळजवळ ७० किलोमीटर सीट अडलेली. घरं परवडत नाहीत म्हणून माणसं लांब गेली, आणि जवळचा प्रवासी मेट्रो-दुचाकीवर गेला. तिकिटांची संख्या घटली, पण प्रत्येक तिकिटामागचं अंतर वाढलं. म्हणून अंबरनाथ-बदलापूरला बसायला मिळावं यासाठी उलट्या दिशेची गाडी पकडून मागच्या स्टेशनापासून बसून येणारे अजूनही आहेत. जागा पकडायचा तो एकमेव खात्रीचा उपाय आहे, फक्त पास त्या मागच्या स्टेशनापासूनचा हवा. नाहीतर टीसीने धरलं की भाडं आणि वर किमान ₹२५० दंड.

तिकीट

या विभागात लोकलला चांगले गुण. मोबाइलवर पेपरलेस तिकीट, स्टेशनावर एटीव्हीएम (तिकिटाचं स्वयंचलित यंत्र), आणि जुलै २०२५ पासून रेलवन ॲप. अडचणी ठरलेल्या. रुळांच्या अगदी जवळ असाल तर ॲप पेपरलेस तिकीट काढू देत नाही. घरून किंवा रस्त्यातच काढा, पण एका तासाच्या आत प्रवास सुरू करा. फलाटावर पोचल्यावर आठवलं तर एटीव्हीएम किंवा तिकीट खिडकी गाठा. पेपरलेस तिकीट रद्द होत नाही. स्क्रीनशॉट चालत नाही, ॲप उघडूनच दाखवावं लागतं, त्यामुळे बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट. पास काढताना तीन महिन्यांचा घेतला तर मासिकाच्या २.७ पट पैसे, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट, रोज जाणाऱ्याने मासिक पास काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

हायब्रिड प्रवाशाला परत आणायचं तर महिन्यात १०-१२ दिवसांचा, कुठल्याही वारी चालणारा पास हवा. जगातल्या अनेक शहरांनी असे लवचीक पास आणले. आपल्याकडे पास म्हणजे सलग महिना, तिमाही, सहामाही, वर्ष, एवढेच पर्याय.

मार्गानुसार

पश्चिम रेल्वे, बोरिवलीच्या आत: वापरा, डोळे मिटून. विरारपर्यंत: गर्दीच्या उलट वेळेला उत्तम, गर्दीच्या वेळी १५ डब्यांची गाडी कुठली ते बघून ठेवा आणि शेवटचे डबे कुठे येतात ते इंडिकेटरवर तपासा. मध्य रेल्वे ठाण्यापर्यंत: ठीक, हाताशी पंधरा मिनिटं जास्त ठेवून. कल्याणपुढे: पर्याय नाही म्हणून वापरायची सेवा, आणि हे मत तिसरी-चौथी मार्गिका धावू लागेपर्यंत बदलणार नाही. हार्बर: वेग कमी, पण बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. ट्रान्स-हार्बर: ठाणे-वाशीसाठी सगळ्यात हिशोबी. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत गेलेली बंदर मार्गिका (पोर्ट लाईन) स्वच्छ, मोकळी आणि वेळेवर आहे, पण दोन गाड्यांमधलं अंतर सुरुवातीपासून बराच काळ तासाच्या आसपास होतं. वेळापत्रक पाठ असल्याशिवाय तिच्या भरवशावर निघू नका.